आईचं स्तनाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. हाताचा व्यायाम कधी सुरू करावा आणि किती दिवस लागतात?

कधी म्हणजे काय, उशीरच झालाय. मुठीची उघडझाप आणि कोपर वाकवणं दुसऱ्या दिवसापासून चालतं, जखमेतलं पाणी काढायची नळी असतानाही. हात खांद्याच्या वर न्यायचं तेवढं सहसा नळी निघेपर्यंत थांबवतात.

माझं ऑपरेशन 2018 साली झालं, काखेतल्या गाठींसकट. घरी सोलापुरात आले तर वन्सं मुक्कामालाच आलेल्या. त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, हात हलवू नका, टाके उसवतील." नळी निघाली तरी हात ओढणीने छातीशी बांधलेला. केससुद्धा त्याच विंचरायच्या. व्यायामाचा कागद मिळाला होता, त्याच्या पाठीमागे दुधाचा हिशेब लिहिला गेला.

केमो आधीच उरकली होती, म्हणून सहाव्या आठवड्यात रेडिएशनच्या मापाला गेले. तिथे उताणं झोपून हात डोक्यावर धरावा लागतो. माझा कानापर्यंत जाईना. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली सुतळीसारखी दोरी ताणलेली, चाचपली की बोटाला लागायची. परत पाठवलं. रेडिएशन दोन आठवडे लांबलं.

मग फिजिओच्या बाईंनी भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंत चढायची, थांबलं तिथे पेन्सिलीची खूण. पहिली खूण डोळ्यांच्या रेषेत, बाराव्या दिवशीची डोक्याच्या वर वीतभर. शिवाय टॉवेल पाठीमागे दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने वर ओढायचा. टॉवेलला आपल्या गावात काय तोटा! रडायचे, पण करायचे.

वन्सं अजून चारचौघांत सांगतात, "मी होते म्हणून टाके शाबूत राहिले." टाके पंधराव्या दिवशीच काढले होते हो वन्सं! पुढचा महिनाभर काय राखत होतात?

किती दिवस ते ज्याचं त्याला. रेडिएशनने खांदा पुन्हा आखडतो, त्यामुळे ते संपलं म्हणून सोडू नका. मी वर्षभर नेमाने केला. ज्वारीचं पीठ मळायला मात्र दोन महिने थांबले.

हां, जखमेखाली पाणी साठलं असेल तर आधी सर्जनला दाखवा. त्या हातातली बांगडी घट्ट व्हायला लागली तर सूज समजा आणि फिजिओकडे जा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आईचे केस तुम्ही विंचरत असाल तर बंद करा. कंगवा त्यांच्याच हातात द्या, त्याच हातात.