बाईंना विचारा : व्हॅन बंद करा

प्रश्न : बाई, यांची बदली महाप्याच्या कंपनीत झाली आणि मे महिन्यात आम्ही कराडहून कोपरखैरण्याला आलो. मुलगी आठवीत आहे. कराडला तिचा पाच जणींचा घोळका होता. इथं जूनमध्ये शाळा सुरू झाली, पण अजून एकही मैत्रीण नाही. मधल्या सुट्टीत डबा एकटीच बाकावर बसून खाते. वर्गातल्या दोघी-तिघी तिच्या बोलण्याला हसतात, 'गावाकडची' म्हणतात. मी रोज विचारते, "आज कुणाशी बोललीस का?" आता तर ती उत्तरच देत नाही. संध्याकाळी मात्र कराडच्या मैत्रिणींशी फोनवर तासभर खिदळणं चालू असतं. फोन काढून घेऊ का? की शाळाच बदलू? शाळा चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मोठा रस्ता ओलांडावा लागतो म्हणून व्हॅन लावली आहे.
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : शाळा बदलू नका आणि फोनही काढून घेऊ नका. बंद करायची असेल तर ती व्हॅन बंद करा. तुम्ही ती शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिली आहे, पण माझं लक्ष तिथंच अडलं.

मी सातवीत लालबागहून वाशीला आले. वडील कांदा-बटाट्याच्या पेढीवर मेहताजी होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजार मुंबईतून इकडे हलला आणि बाजारामागोमाग आम्ही. तेव्हाची वाशी आज सांगून कुणाला पटायची नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या चार इमारती, मग मोकळं माळ, पुन्हा चार इमारती, आणि पलीकडे खाडीची तिवरं. लोकल मानखुर्दपर्यंतच यायची. वाशीला ती आली 1992 साली, तोवर सगळा कारभार खाडीपुलावरच्या बसवर. चाळीत आम्हाला नळावरच्या भांडणानं जाग यायची, इथं रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. आई दुपारी खिडकीत उभी राहून रस्त्यावर एखादं माणूस दिसतंय का ते बघत बसे.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी मला उभं करून नाव सांगायला लावलं. मी सांगितलं. सगळ्या वर्गानं मान वळवून पाहिलं आणि भूगोलाची पुस्तकं उघडली. झाली ओळख! (पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा नव्या मुलाला असं कधी उभं केलं नाही.) वर्गात सिडकोच्या घरांतल्या मुली वेगळ्या बसायच्या, बाजारवाल्यांच्या वेगळ्या आणि जुहूगाव-वाशीगावातल्या आगरी-कोळ्यांच्या मुली मागच्या बाकांवर. गावातल्या मुलींना वाटे, ह्या सगळ्या आमच्या जमिनीवर येऊन बसल्यात. त्यात खोटं काय होतं? ज्या खारजमिनीत त्यांच्या आज्यांनी भात लावलं होतं, तिथं आता आमची स्वयंपाकघरं होती.

तरी माझी मैत्रीण झाली ती जुहूगावचीच. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण ती हा अंक वाचते आणि वाचल्यावर फोन करून भांडते.

पावसाळा होता. रस्ता म्हणजे नुसता चिखल. माझी चप्पल त्यात अशी रुतली की निघेना. ती मागून येत होती. तिनं हात-बित काही दिला नाही. तिच्या चपला आधीच तिच्या हातात होत्या, ती माझ्याकडे एकदा बघून पुढे गेली. मीही चपला काढल्या आणि तिच्या पावलांच्या खुणांवर पाय टाकत गेले. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर थांबलेली दिसली. माझ्यासाठी थांबली होती असं ती अजूनही कबूल करत नाही.

ओहोटी असली की ती मला नाल्याच्या कडेला उभं करायची. चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत असायच्या. मासा पाण्याबाहेर येऊन चालतो, हे लालबागच्या मुलीला कसं खरं वाटावं? मी बघतच राहायची आणि ती त्यांचं कालवण कसं करतात ते सांगायची, आंबट काय घालायचं इथपासून. त्यात शाळेची घंटा व्हायची. मग दोघी वर्गाबाहेर उभ्या. वर्गाबाहेर अर्धा तास उभं राहून जेवढ्या गप्पा होतात, तेवढ्या वर्गात बसून सहामाहीत होत नाहीत. शिक्षिकेनं हे लिहू नये, पण खरं आहे.

गंमत अशी की शाळेच्या फाटकाच्या आत ती माझ्याशी बोलायची नाही. मागच्या बाकांवरच्या मुलींसमोर तिला ते परवडलं नसतं. कितीतरी दिवस आमची मैत्री फाटकाबाहेरचीच होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर कधीतरी ती आपणहून माझ्या बाकावर येऊन बसली, डबा उघडला आणि तांदळाची भाकरी नि जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. माझी मटकीची उसळ तिनं न विचारता घेतली. आता लक्षात घ्या, माझ्या आईनं त्या काळात रोज मला विचारलं असतं की वर्गात कुणी बोललं का, तर खरं उत्तर "नाही" हेच होतं. आणि तरी मला मैत्रीण होती.

तुमच्या मुलीला मधली सुट्टी आहे, वर्ग आहे, बाक आहे. नाही तो रस्ता. मधल्या सुट्टीत सगळे गट आधीच ठरलेले असतात, तिथं बाहेरच्या मुलीनं शिरायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोर शिरायचं. रस्त्यावर गट मोडतात. एकीची बहीण आजारी असते, दुसरी आज लवकर निघालेली असते, तिसरीची सायकल पंक्चर. ज्या दोघी उरतात त्यांना एकमेकींशी बोलावंच लागतं. व्हॅनमध्ये हे होत नाही. मांडीवर दुसऱ्याचं दप्तर, समोर पहिलीतलं रडणारं पोर, आणि उतरलं की थेट वर्ग.

तर वर्गशिक्षिकांना भेटा. "माझ्या मुलीला मैत्रिणी नाहीत" असं सांगू नका, त्या दुसऱ्या दिवशी कुणाला तरी "हिच्याशी खेळत जा गं" म्हणतील आणि सगळं नासेल. फक्त एवढं विचारा की आमच्या सेक्टरमधून चालत येणाऱ्या मुली कोण आहेत. आणि जमलं तर दोघींनी मिळून करायचं एखादं काम मुलीला द्या म्हणावं. मी नव्या मुलींना स्टाफरूममधून नकाशे आणायला पाठवायची, सोबत वर्गातली एखादी बडबडी. भारताचा गुंडाळलेला नकाशा जिन्यावरून एकटीला नेता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. मोठ्या रस्त्याचं म्हणाल, तर पहिले काही दिवस तुम्ही सिग्नलपर्यंत जा, रस्ता ओलांडून द्या आणि तिथूनच मागे फिरा. फाटकापर्यंत जाऊ नका. वाटेत पेरूवाला, बोरंवाला असेल तर तिच्या हातात थोडे पैसे असू द्या.

रोजचा तो प्रश्न बंद करा. तो ऐकला की तिला रोज नापास झाल्यासारखं वाटत असेल. त्याऐवजी विचारा, "आज कुणाला ओरडा बसला?" हे सांगायला कुठलंही मूल एका पायावर तयार असतं, आणि त्या हकिगतीत वर्गातल्या मुलींची नावं आपोआप येतात. एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं की काय समजायचं ते समजा, पण बोलून दाखवू नका.

'गावाकडची' म्हणणाऱ्यांचं मात्र मला हसू आलं. अहो, कोपरखैरणे हे! 1969 च्या माथाडी कायद्यानं ज्या हमालांना नोंदणी आणि हक्काची मजुरी मिळाली, त्यांच्यातले कितीतरी बाजाराबरोबर इकडे आले आणि कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या छोट्या घरांतून राहिले. त्यांच्यातले पुष्कळजण सातारा जिल्ह्याचे. गणपतीत, यात्रेत तुमच्या गल्लीतली किती दारं कुलूपबंद होतात आणि गाड्या कुठल्या दिशेनं जातात ते बघा. तुमच्या मुलीला हसणाऱ्या एखादीची आजी अजून पाटणला राहत असेल. मुलीला हे भांडण म्हणून नका सांगू, नुसतं माहीत असू दे. पुढे उपयोगी पडेल.

फोनचं म्हणाल, तर मीही लालबागच्या मैत्रिणीला अंतर्देशीय पत्रं लिहायची, चिकटवायच्या घडीवरसुद्धा अक्षरं कोंबून. कुणी थांबवलं नाही. पत्रं आपोआप विरळ झाली. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेला फोन बाहेरच्या खोलीत राहील एवढा नियम पुरे. कराडच्या त्या चौघी सध्या तिला सावरून धरताहेत, त्यांना तोडू नका.

एक मात्र पाहा. सोमवारी सकाळी पोटात दुखणं, डबा तसाच परत येणं, वही-पुस्तकांवर कुणी काही लिहिलेलं दिसणं, असं काही असेल तर ते नवखेपण नाही, त्रास देणं आहे. मग रस्त्याबिस्त्याची वाट बघू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा आणि तक्रार लेखी द्या.

प्रश्न : बाई, मी 1986 चा दहावीचा. वडिलांच्या बदलीमुळे मालवणहून ठाण्याला आलो आणि थेट नववीत बसलो. आता आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरतंय. ग्रुपवर सगळे पहिली-दुसरीतल्या बाईंच्या, चौथीच्या सहलीच्या आठवणी काढतात. मला त्यातलं काहीच माहीत नाही. जावं की नाही, असं झालं आहे.
— एक वाचक, कळवा

उत्तर : शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमचा नंबर आहे ना? मग झालं.

चौथीच्या सहलीच्या वेळी तुम्ही हसून मान हलवा, निम्मे लोक तेच करतात. पण नववीत बाहेरून येऊन त्या वर्गात पाऊल टाकलं तेव्हा काय दिसलं, हे तिथं फक्त तुम्हाला माहीत आहे. कोण दादागिरी करायचा, कोण कुणाकडे बघायचा, कुठल्या सरांना सगळे घाबरायचे, हे पहिलीपासूनच्यांना इतकं सवयीचं होतं की त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल. तुम्ही नवे होतात, म्हणून तुम्ही नीट पाहिलंत. ते सांगा. मालवणच्या मुलाला तलावपाळीचं, म्हणजे मासुंदा तलावाचं, पाणी कसं वाटलं, तेही सांगा. समुद्र सोडून आलेल्यानं मासुंदा तलावाला काय म्हटलं, यावर ठाणेकर तासभर वाद घालतील.

आणि बोलावण्याची वाट बघत बसू नका. खुर्च्या लावणं, जेवणाची ऑर्डर, जुन्या शिक्षकांना घरून आणणं, यातलं एखादं काम आजच मागून घ्या. वर्गणीही पहिल्याच दिवशी पाठवा. वर्गणी वेळेवर देणारा पहिलीत आला होता की नववीत, हे कुठलाही खजिनदार विचारत नाही.