पैठणीच्या जाहिरातीसाठी निगेटिव्ह कीवर्ड कसे शोधावेत

हातमागावरच्या पैठणीसाठी गूगल अ‍ॅड्सवर लावलेल्या जाहिरातीवर क्लिक भरपूर होतात, पण ऑर्डर येत नाहीत, तेव्हा कोणते शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून वगळावेत, म्हणजे ते शब्द शोधात आले तर जाहिरात दिसणार नाही, असे आपण विचारले आहे.

सुरुवात सर्च टर्म्स रिपोर्टपासून, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर आपली जाहिरात दिसली हे सांगणाऱ्या गूगल अ‍ॅड्समधल्या अहवालापासून, करावी. गेल्या तीन महिन्यांचे शोध खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावावेत आणि प्रत्येक ओळ वाचताना हा माणूस नेमके काय शोधत होता, हे स्वतःला विचारावे. सप्टेंबर २०२० पासून गूगल या अहवालात पुरेशा लोकांनी केलेलेच शोध दाखवते. त्यामुळे अख्खे वाक्य वगळण्यापेक्षा त्यातला खटकणारा शब्द पकडावा, म्हणजे न दिसणारे तसलेच शोधही अडतात. ‘सेमी’, ‘रांगोळी’, ‘फोटो’, ‘भाड्याने’ हे शब्द आपल्याला बहुधा तिथेच सापडतील. ‘किंमत’ मात्र वगळू नये; किंमत विचारणारा माणूस बहुतेक वेळा घेण्याच्या विचारात असतो.

सर्वाधिक काळजी ‘ब्लाउज’सारख्या शब्दाची घ्यावी लागते. एका दुकानदाराच्या कॅम्पेनमध्ये, शिवणकामाचे शोध थांबावेत म्हणून, मी तो एकटाच शब्द निगेटिव्ह केला आणि ‘पैठणी विथ ब्लाउज पीस’ असे शोधणारी खरी गिऱ्हाइकेही त्याबरोबर गेली. तिथे ‘ब्लाउज डिझाइन’ आणि ‘ब्लाउज शिलाई’ अशा जोड्या फ्रेज मॅचमध्ये, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने एकत्र आले तरच शोध अडेल अशा प्रकारे, घालायला हव्या होत्या.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे इंग्रजीवर बेतलेले मार्गदर्शन लक्षच देत नाही. साधा कीवर्ड, म्हणजे ज्यावर जाहिरात दिसावी तो शब्द, जवळच्या रूपांनाही लागू होतो; निगेटिव्ह कीवर्ड अनेकवचनाला किंवा समानार्थी शब्दाला लागू होत नाही. म्हणून ‘नोकरी’ वगळल्याने ‘नोकऱ्या’ किंवा ‘नोकरीसाठी’ थांबत नाही, आणि ‘फुकट’ लिहिल्याने ‘मोफत’, हिंदीतले ‘मुफ्त’ किंवा रोमन लिपीत लिहिलेले तेच शब्दही थांबत नाहीत. प्रत्येक रूप दोन्ही लिपींत स्वतंत्रपणे लिहावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण आपल्या भाषेत जाहिरात करायची तर ते टाळता येत नाही.

नवे कॅम्पेन सुरू करण्यापूर्वी गूगलच्या शोधचौकटीत ‘पैठणी’ लिहून खाली येणाऱ्या सूचना वाचाव्यात. नको असलेले अनेक शब्द एक रुपयाही न घालवता तिथेच कळतात. ते सर्व कॅम्पेनना जोडलेल्या एकाच सामायिक यादीत ठेवावेत. पहिला महिनाभर अहवाल दर दोन-तीन दिवसांनी पाहावा, नंतर आठवड्यातून एकदा पाहिला तरी चालते.