बारावीनंतर तालीम की कॉलेज? कोपरखैरणेच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही वाशी मार्केटात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडचं, मुलगा यंदा बारावी कॉमर्स ६१ टक्क्यांनी पास, वजन ७२ किलो, शालेय कुस्तीत राज्यापर्यंत जाऊन आलाय. आता तो म्हणतो कॉलेज नको, कोल्हापूरला तालमीत राहतो आणि डिग्री बाहेरून करतो. वस्ताद म्हणतात वजन कमी करून ६५ किलोच्या गटात उतरव. आणि ठाण्यातला एक एजंट म्हणतो दीड लाख भरा, पोराला अमेरिकेत कुस्तीवर स्कॉलरशिप मिळवून देतो. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी ते "डिग्री बाहेरून" डोक्यातून काढा. पोराला वाटतंय कॉलेज म्हणजे कुस्तीतली अडचण, पण कॉलेजच्या कुस्तीत उतरायला तो फुल-टाइम रेग्युलर विद्यार्थीच असावा लागतो. आधी आंतरमहाविद्यालयीन, तिथून विद्यापीठाची टीम, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, आणि तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, ही सगळी शिडी डिस्टन्सवाल्याला बंद. म्हणजे आत्ता तीन वर्षं वाचवायला गेला की नेमकी तीच तीन वर्षं गेली.

आणि कॉलेजचा पैलवान म्हणजे कमी दर्जाचा असं तालमीत कोणी बोलत असेल तर त्याला खाशाबा जाधव आठवण करून द्या. गोळेश्वरचा, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातला माणूस, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. जायला पैसे नव्हते तेव्हा त्याच कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. तेव्हा कॉलेजातलं कोण पाठीशी उभं राहतं हे पहिल्यापासून महत्त्वाचं आहे, आजचं नाही.

आता कोल्हापूर की इथे. माझं मत ऐकून पोरगं तोंड वाकडं करेल, पण ॲडमिशन मुंबई विद्यापीठातच घ्या, ठाणे किंवा नवी मुंबईत. कोल्हापूरला रोज जोडीला चांगली पोरं मिळतील हे शंभर टक्के खरं, पण तिथे एकेका वजनाला इतके तगडे पैलवान की विद्यापीठाच्या टीममध्ये शिरतानाच दोन वर्षं निघून जातील. आपल्याकडे स्पर्धा आहेच, पण जागा मिळायची शक्यता जास्त. मग उरतो प्रॅक्टिसचा प्रश्न, त्यासाठी दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कोल्हापूरच्या तालमीत काढायची, आणि इथे असताना मॅटवरची, म्हणजे गादीवरची कुस्ती सोडायची नाही. माती कमी करायला सांगतोय असं समजू नका, ताकद आणि दम तिथेच येतो, फक्त तीन-तीन मिनिटांच्या दोन राउंडमध्ये पॉइंट कसे जमवायचे, मॅटच्या बाहेर पाय गेला तरी एक पॉइंट कसा जातो, हे अंगात मुरायला मॅटच लागते. आणि आंतरविद्यापीठात समोर हरियाणाची पोरं असतात, ती लहानपणापासून त्यावरच वाढलेली.

कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग आणि कँटीन बघून येऊ नका. थेट जिमखान्यात जा, स्पोर्ट्सच्या सरांना भेटा, मागच्या वर्षी कुस्तीला किती मुलं पाठवली ते विचारा, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कशी देता, सेमिस्टरची परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आली तर काय करता, स्पोर्ट्सवर फी माफी आहे का. सर जर "बघू, करू" म्हणाले तर उठा तिथून, कारण ७५ टक्के हजेरीवरून नोव्हेंबरात परीक्षेचा फॉर्म अडला की मग आई-बापच कॉलेजच्या दारात उभे असतात (असे दरवर्षी येतात माझ्याकडे, सगळे रडवेले). नाव मोठं नसलं तरी चालेल, पण सर स्वतः मुलांसोबत स्पर्धेला जाणारे हवेत.

वजनाचं मात्र मी जरा कडक बोलणार आहे. ७२ किलोचं वाढत्या वयातलं पोर ६५ ला कशासाठी? कॉलेज कुस्तीत ६५ नंतर ७० आहे, ७४ आहे. ७० ला दोन किलो जेवणावर लक्ष ठेवून उतरतात, किंवा खुराक वाढवून वर्षभरात भरलेला ७४ होतो. सात किलो म्हणजे शेवटी पाणी तोडणं, जाड कपडे घालून पळणं, थुंकत बसणं. अमेरिकेत १९९७ साली पाच आठवड्यांच्या आत तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथे रबरी सूट, सॉना (घाम काढायची गरम खोली) या प्रकारांवर बंदी आली. आणि पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून ती बाद झाली, ते तर अख्ख्या देशाने बघितलं. वस्तादांशी भांडू नका, ते पोराच्या भल्यासाठीच म्हणत असतील, पण ७० वर अडून बसा.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की पोराची कमरेवरची पकड जबरदस्त आहे पण पट बचावात, म्हणजे समोरच्याने पाय धरला की सोडवण्यात, कच्चा आहे. मग ग्रीको-रोमनचा विचार केलाय का? त्यात पायाला हात लावायचाच नसतो. आपल्याकडे सगळी पोरं फ्रीस्टाइलला (ज्यात पायही धरता येतो) गर्दी करतात आणि ग्रीकोला त्या मानाने कमी असतात, पण मेडल तर मेडलच असतं. एकदा ट्राय करायला काय जातं.

नोकरीचं विचारलंत. राहुल आवारे, नरसिंग यादव यांच्यासारखं डीवायएसपी होणं हे आंतरराष्ट्रीय मेडलवर झालंय, ते डोळ्यासमोर असू दे पण त्यावर घर चालवायचं गणित मांडू नका. जमण्यासारखं म्हणजे, रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठातला पहिल्या तिनातला नंबर धरतात, आणि महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेट, अगदी तालुक्याचं पण, एका फाइलला लावा, आणि प्लीज लॅमिनेट करू नका. शिवाय बीकॉम हातात असलं की बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत शिक्षक म्हणून जाता येतं, किंवा पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा आहे. गुडघा कधी जाईल सांगता येत नाही दादा, या खेळात तर नाहीच.

राहिला एजंट. अमेरिकेत कॉलेज कुस्ती खरंच मोठी आहे, पण तिथली स्टाइल वेगळी, त्याला फोकस्टाइल म्हणतात, सामना सात मिनिटांचा, वरून दाबून धरून ठेवल्याच्या वेळेचाही पॉइंट मिळतो, २०२३ पासून टेकडाउनला, म्हणजे समोरच्याला खाली पाडून ताबा घेतला की, तीन पॉइंट. आपल्या पोराला अर्धं नव्याने शिकावं लागेल. स्कॉलरशिप देतात ते तिथले कोच, तेही पोराचे सामने बघून आणि मार्क-इंग्रजी तपासून, आणि त्यांच्या डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळातल्या तिसऱ्या गटातल्या कॉलेजांत तर खेळावर स्कॉलरशिप मुळात नसतेच. बक्षिसाच्या पैशाचेही नियम आहेत, गावच्या जत्रेत इनाम घेतलं असेल ते लपवून चालत नाही. पोराला खरंच जायचं असेल तर त्याने स्वतः सामन्यांचे व्हिडिओ लावून कोचना मेल करावेत, मेलला एक रुपया लागत नाही. दीड लाख घेऊन कुणी गॅरंटी देत असेल तर तो तुमच्या घामाच्या पैशावर स्वतःचं ऑफिस चालवतोय, बाकी काही नाही. टोकन दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर पावती मागा आणि लेखी परत मागा. ॲडमिशनची तारीख जवळ आहे, तेव्हा या आठवड्यात दोन-तीन जिमखाने फिरून या, पोराला सोबत न्या, आणि सर काय म्हणाले ते मला कळवा.