बोर्स्टल, रिमांड होम आणि रुमालचोर पोरगा

प्रश्न असा: अनुवादित कथेत १८६० च्या सुमाराचं लंडन आहे, रुमाल चोरणाऱ्या पोराला 'बोर्स्टल'मध्ये, म्हणजे तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठीच्या इंग्रजी तुरुंगात, धाडलं आहे, मराठीत याला रिमांड होम म्हणावं का?

मुळीच नाही. 'रिमांड होमची शिक्षा झाली' हे बातम्यांत ऐकून कान किटले आहेत. निकाल लागेपर्यंत पोराला ठेवायची जागा ती. शिक्षा व्हायचीच असते अजून!

आणि बोर्स्टलही नाही. कथा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतली. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, बोर्स्टल कायद्यात आलं १९०८ साली, तेही १६ ते २१ वयाच्यांसाठी. १८६० चा पोरगा जाणार रिफॉर्मेटरी स्कूलमध्ये. १८५४ च्या कायद्यानं १६ वर्षांखालच्या गुन्हेगाराला आधी निदान १४ दिवस तुरुंग आणि मग दोन ते पाच वर्षं ही शाळा. आधी तुरुंग कशाला, म्हणून समाजसुधारक मेरी कार्पेंटर भांडत राहिल्या. ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला १८५२ मध्ये त्यांनी अशी शाळा काढली होती, १८५४ मध्ये रेड लॉजची मुलींची. तो तुरुंग कायद्यातून जायला १८९९ उजाडलं.

आता खरी मौज. बोर्स्टल हे केंटमधलं, रोचेस्टरला लागून असलेलं गाव. 'येरवड्याला गेला' म्हटल्यावर आपण जे समजतो, तसंच गावाचं नाव तिथल्या तुरुंगावरून पद्धतीला चिकटलं. पण नाव मुळात तुरुंगाचं नाहीच! जुन्या इंग्रजीत ते 'बोर्गस्टेआल': 'बोर्ग'मध्ये राखणं, आसरा देणं, 'स्टेआल' म्हणजे जागा. हे स्टेआल आपल्या संस्कृत 'स्थल'च्या कुळातलं. म्हणजे मुलीसाठी पाहतात ते 'स्थळ'ही त्याच्याच गोतावळ्यातलं. बोर्स्टल म्हणजे आश्रयस्थळ!

काही स्थलनामकोशकार इथे ससेक्सच्या बोलीतला 'बोस्टल' पुढे करतात. त्याचा अर्थ टेकडीवर चढणारी उभी वाट. मला हे साफ अमान्य आहे. वाट चालण्यासाठी असते, स्टेआल थांबण्यासाठी. ज्या शब्दाच्या पोटातच 'जागा' आहे, त्याचा आधी 'वाट' असा अर्थ लावायचा, हा उफराटा न्याय झाला. ससेक्सवाल्यांनी टेकडीवरच्या विसाव्याचं नाव पुढे वाटेला दिलं असणार, असं माझं ठाम मत आहे. 'बोर्ग'ला जामीन, तारण असाही अर्थ होता. इंग्रजीतलं उसनं घेण्याचं 'बॉरो' त्याच घरचं. आसरा घ्या की तारण घ्या, राखण दोन्हीत आहे. चढण कुठेच नाही.

हां, अनुवादाचं. 'सुधारशाळा' लिहा. 'सुधारगृह' नको, कारण 'रिफॉर्मेटरी स्कूल' या नावातच शाळा आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावानं १८५७ मध्ये निघालेली संस्थाही याच जातीची. बोर्स्टल शब्द वापरायचाच असेल तर कथा पुढे आणा; मुंबई इलाख्याचा बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ चा आहे.