‘पुंगळी’, ‘काडतूस’ आणि ‘फेरभरणी’

रायफलीची वापरलेली पितळी आवरणे पुन्हा भरून शिकारीसाठी अचूक काडतुसे कशी तयार करतात, या विषयावरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘केस’ किंवा ‘ब्रास’ यासाठी काडतूस, कवच, टरफल आणि पुंगळी यांपैकी कोणता शब्द योजावा? ‘रीलोडिंग’ला ‘पुनर्भरण’ म्हणावे का? आणि या आवरणाच्या भागांना व त्यावर होणाऱ्या क्रियांना मराठीत नावे आहेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘पुंगळी’ असे आहे, आणि त्यात शंकेला फारशी जागा नाही. गोळीबाराच्या बातम्यांत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य आपण नेहमी वाचतो, आणि तेथे पुंगळी म्हणजे नेमके हेच आवरण असते. कागदाची पुंगळी, बोरूची पुंगळी अशा प्रयोगांत या शब्दाचा मूळ अर्थ ‘पोकळ नळी’ असा आहे, त्यामुळे वस्तूचा आकारही शब्दातच सांगितला जातो. ‘टरफल’ शेंगेचे असते आणि ते फोडून टाकून द्यायचे असते. येथे मात्र सारा खटाटोप ही वस्तू टाकून द्यावी लागू नये यासाठीच आहे. ‘कवच’ बाहेरून येणाऱ्या आघातापासून रक्षण करते, तर पुंगळी आतल्या दाबाने फुगून चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. हे काम कवचाच्या उलट आहे.

‘काडतूस’ हा शब्द मात्र संपूर्ण वस्तूसाठी राखून ठेवावा. पुंगळी, प्रायमर (आघाताने ठिणगी पाडून दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी ही चारही एकत्र आली की काडतूस होते, आणि बार उडाला की ते काडतूस उरत नाही. पोलिसी मराठीने हा भेद उत्तम सांभाळला आहे. ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ असे आपण वाचतो, पण ‘मृत काडतुसे’ असे कोणी लिहीत नाही. तेथे ‘रिकामी पुंगळी’च येते. शब्दाचा इतिहास पाहिला तर गंमत अशी की ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुशु’च्या कुळातला असून त्याच्या मुळाशी कागद आहे. १८५७ च्या उठावाशी जोडली गेलेली एन्फील्ड रायफलीची काडतुसे कागदाचीच होती, म्हणून तर ती दातांनी फोडावी लागत आणि त्यांना लावलेल्या चरबीचा प्रश्न उभा राहिला. त्या काडतुसातून बार झाल्यावर पुन्हा भरण्याजोगे काही उरतच नसे. धातूची पुंगळी प्रचारात आल्यावरच प्रश्नातील विषय जन्माला आला. ‘गोळी’ हा शब्दही सैल वापरू नये. बोलताना पूर्ण काडतुसालाही आपण गोळी म्हणतो, पण या लेखात गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडणारा तुकडा एवढाच अर्थ हवा. अन्यथा ‘पुंगळीत गोळी बसवणे’ हे वाक्यच निरर्थक होईल.

‘ब्रास’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी वाचकाच्या मनात ब्रास म्हणजे वाळू, खडी किंवा मुरूम मोजण्याचे शंभर घनफुटांचे माप. ‘वापरलेले ब्रास’ वाचून तो बांधकामाकडे वळेल. धातूचा उल्लेख जेथे खरोखर हवा असेल तेथे ‘पितळ’ म्हणावे (या कामाच्या पितळात साधारणपणे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते), आणि वस्तूचा उल्लेख असेल तेथे ‘पुंगळ्या’.

येथे विशेषणाचा एक बारकावा आहे. ‘फायर्ड ब्रास’साठी ‘रिकाम्या पुंगळ्या’ पुरेसे नाही, कारण कारखान्यातून आलेली कोरी, एकदाही न भरलेली पुंगळीसुद्धा रिकामीच असते. ‘झाडलेल्या पुंगळ्या’ हेही खटकते, कारण मराठीत झाडली जाते ती गोळी. ‘वापरलेल्या पुंगळ्या’ हा प्रयोग साधा आहे आणि अर्थाला बरोबर बसतो.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘पुनर्भरण’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्या शब्दावर आता भूजलाचा आणि विहिरींचा ताबा आहे. शिवाय इंग्रजी ‘रीलोड’मध्ये दोन वेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत: एक, रिकामी झालेली बंदूक पुन्हा भरणे, आणि दुसरी, वापरलेल्या पुंगळीतून नवे काडतूस घडवणे. पहिली क्रिया काही सेकंदांची, तर दुसरी शांतपणे टेबलाशी बसून करायची आहे. ‘पुन्हा भरणे’ असे नुसतेच लिहिल्यास वाचक पहिलाच अर्थ घेणार. म्हणून दुसऱ्या अर्थासाठी ‘फेरभरणी’ हा शब्द मी सुचवतो. फेरमोजणी, फेरतपासणी, फेरविचार या शब्दांमुळे ‘फेर’ हा उपसर्ग आपल्या अंगवळणी पडलेला आहे, आणि ‘भरणी’ वेगळा काढला की इंग्रजी ‘लोड’ या नामाचीही सोय होते. विशिष्ट पुंगळी, विशिष्ट प्रायमर, ठरावीक वजनाची दारू आणि ठरावीक गोळी यांच्या मेळाला ‘भरणी’ म्हणता येईल. प्रत्येक रायफलीची एखाद्या भरणीशी अधिक जवळीक असते. ‘ही भरणी या रायफलीला मानवते’ असे लिहिले तर ते भाषांतर वाटणारही नाही.

क्रियापद निवडताना ‘ठासणे’ मात्र दूर ठेवावे. ते ठासणीच्या बंदुकीचे क्रियापद आहे: नळीच्या तोंडातून दारू ओतायची आणि गज घालून ती ठासायची. पुंगळीत दारू तोलून ओततात आणि वर गोळी दाबून बसवतात. त्या दोहोंत ठासणे कोठेच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ‘ठासून भरणे’ ही सूचना वाचकाला देणे इष्ट नाही, कारण दारूचे प्रमाण प्रसिद्ध कोष्टकांतील मर्यादेबाहेर गेले की दाब धोकादायक पातळीला पोहोचतो. याच संदर्भात ‘ग्रेन’चे भाषांतर ‘दाणे’ असे करू नये. ग्रेन हे वजन आहे. एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम भरतो. दारू दाणेदार असल्यामुळे ही चूक सहज होते आणि सहज सुटतही नाही. गुंजेतही रूपांतर करू नये.

आता पुंगळीचे भाग. रायफलीची पुंगळी बहुधा बाटलीसारखी वर निमुळती होत गेलेली असते, आणि तिच्या वरच्या भागांना तोंड, मान आणि खांदा ही नावे आपोआपच बसतात. त्याखालचा भाग ‘धड’. अडचण येते ती ‘हेड’पाशी. इंग्रजीत पुंगळीचे ‘हेड’ खालच्या टोकाला असते, जेथे प्रायमर बसतो आणि जेथे नाव कोरलेले असते. त्याला ‘डोके’ म्हटले तर मानेच्या वर डोके शोधणारा मराठी वाचक पुंगळी उलटी धरेल. तेथे ‘बूड’ हाच शब्द हवा. वारंवार वापरलेली पुंगळी बुडाच्या किंचित वर ताणून पातळ होते, तेथे बाहेरून एक चकचकीत वलय दिसू लागते आणि पुढे ती त्याच जागी तुटू शकते. ‘बुडापासून तुटणे’ असे लिहिले की धोका एका वाचनात कळतो.

प्रायमरसाठी जुना शब्द शोधणाऱ्याला ‘रंजक’ सापडेल. तोड्याच्या बंदुकीत कानापाशी घालायच्या बारीक दारूला रंजक म्हणत. शब्द सुरेख आहे, पण ‘रंजक पुंगळी’ वाचून आज कोणालाही ती करमणुकीची वाटेल. म्हणून ‘प्रायमर’च ठेवावा. त्याऐवजी ‘कान’ मात्र परत आणावा असे मला वाटते. तोफेच्या ज्या छिद्रातून आतल्या दारूला आग पोहोचे त्याला कान म्हणत. शत्रूच्या तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी केल्याचे उल्लेख इतिहासात येतात. प्रायमरची ठिणगी दारूपर्यंत नेणारे पुंगळीच्या बुडातील छिद्र हेच काम करते. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मध्यभागी एकच कान असतो, त्यामुळे त्यातून सुई घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो. बर्डन पद्धतीत बहुधा दोन बारीक कान असतात आणि हे काम अवघड होते. फेरभरणी करणारे बॉक्सर पद्धत पसंत करतात ते यामुळेच. या पद्धती ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्यांपैकी बॉक्सर ब्रिटिश होता आणि बर्डन अमेरिकी, तरी अमेरिकेत चलन बॉक्सरच्या पद्धतीचे आहे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.

‘साइझिंग’साठी ‘मापावर आणणे’ हा कारखान्यातला प्रयोग पुरेसा आहे. बार होताना पुंगळी फुगून चेंबरच्या आकाराची होते, आणि नंतर डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून तिला पुन्हा मापावर आणावे लागते. केवळ मान मापावर आणली तर पुंगळी त्याच रायफलीत घट्ट बसते आणि पितळावर ताण कमी येतो. पण शिकारीत दुसरे काडतूस न अडखळता आत जाणे अधिक महत्त्वाचे, म्हणून तेथे पूर्ण पुंगळी मापावर आणून खांदा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाएवढा मागे घेणे अनेकांना पसंत असते. लांबलेली मान ‘छाटतात’ आणि तोंडाची कड ‘घासतात’.

‘ॲनीलिंग’ला धातुशास्त्रीय लेखनात ‘अनुशीतन’ म्हणतात. या शब्दाचा भर थंड होण्यावर आहे, आणि पोलादाच्या बाबतीत मंद थंड होणे खरोखरच महत्त्वाचे असते. पितळाचे तसे नाही. पुन्हा पुन्हा ताणून कडक झालेली मान योग्य तापमानाला तापली की मऊ होते, मग ती हवेत निवो की पाण्यात. म्हणून येथे ‘मान तापवून मऊ करणे’ असेच लिहावे, आणि बूड कधीही तापवायचे नसते हेही लगेच पुढे लिहावे, कारण मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही.

राहिला ‘अचूक’. मराठीत अचूक असतो तो नेम, आणि नेम माणसाचा असतो. काडतुसाकडून अपेक्षा असते ती एकसारखेपणाची: प्रत्येक भरणीत दारूचे वजन, मानेची पकड आणि गोळीची खोली सारखी असावी, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात. शीर्षकात ‘अचूक मारा करणारी काडतुसे’ चालेल, पण मजकुरात जेथे कारण सांगितले आहे तेथे ‘एकसारखी काडतुसे’ अधिक खरे. ‘वन्स-फायर्ड’साठी ‘एकदा वापरलेल्या’ऐवजी ‘एकदाच वापरलेल्या’ लिहावे. पुंगळीचे आयुष्य अजून शिल्लक आहे, हे त्या ‘च’मुळेच कळते.