वाचक विचारतात : उमेदवार आधीच ठरलेला, मग अधिवेशन कशाला?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार प्रायमरीतच ठरतो. मग पक्षाचे चार दिवसांचे अधिवेशन म्हणजे नुसता सोहळाच नाही का?

टीव्हीवर दिसतो तो सोहळाच. पण प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात, मतदार उमेदवार निवडत नाही, तो उमेदवाराच्या पदरात प्रतिनिधी टाकतो. उमेदवारी मिळते ती या प्रतिनिधींनी अधिवेशनात मत दिल्यावर. २०२४मध्ये मिलवॉकीला रिपब्लिकन पक्षाचे २,४२९ प्रतिनिधी जमले होते आणि उमेदवारीसाठी १,२१५ मते लागत होती. हा आकडा प्रायमरीत आधीच गाठला गेला की अधिवेशनातली चुरस संपते, म्हणून ते शोभेचे वाटते.

राज्यघटनेत अधिवेशनाचा उल्लेखच नाही. सुरुवातीला काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, पक्षाचे सदस्यच बंद दाराआड उमेदवार ठरवत. त्याविरुद्ध ओरड झाली आणि १८३१मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोरला पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवले. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅट पक्षानेही ते भरवले, पण उमेदवाराला दोन तृतीयांश मते हवीत अशी अट घातली. साधे बहुमत असलेला माणूसही त्या अटीपायी अडकून पडे. १९२४मध्ये न्यूयॉर्कला तब्बल १०३ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे जॉन डेव्हिस यांचे नाव पुढे आले. १९३६मध्ये ही अट काढली. एकाहून अधिक फेऱ्या लागल्या त्या शेवटच्या १९५२मध्ये, स्टीव्हन्सन यांच्या निवडीच्या वेळी.

प्रायमरीला आजचे वजन आले ते १९६८नंतर. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार झाले. पक्षात असा भडका उडाला की प्रतिनिधी निवडण्याचे नियमच नव्याने लिहावे लागले.

प्रश्न : मतांच्या टक्केवारीवरून प्रतिनिधी कसे ठरतात?

डेमोक्रॅट पक्षात सगळीकडे प्रमाणशीर वाटप असते, पण १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडावा लागतो. तो राज्यासाठी वेगळा आणि प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळा मोजतात. १४ टक्के मिळाले तर हाती शून्य. उंबरठ्याखालच्यांना वगळून उरलेल्यांची टक्केवारी पुन्हा काढतात.

खरी गंमत मतदारसंघाच्या गणितात आहे. समजा मतदारसंघाला ४ प्रतिनिधी आहेत आणि लढत दोघांत आहे. एकाला ६२ टक्के आणि दुसऱ्याला ३८ टक्के मिळाले, तरी वाटप २–२ असेच होते. तिसरा प्रतिनिधी मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावे लागते. शेजारी ५ प्रतिनिधींचा मतदारसंघ असेल, तर तिथे ५१ टक्क्यांतच ३–२ होते. म्हणून जाणकार प्रचारक पैसा आणि माणसे विषम संख्येच्या मतदारसंघांत लावतात. केवळ राज्य जिंकल्याच्या बातमीवरून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम बदलतात. १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्या राज्यांना प्रमाणशीर वाटप करावे लागते. त्यानंतरच्या राज्यांना सगळे प्रतिनिधी विजेत्याला देता येतात. ठरावीक उमेदवारालाच मत द्यायला बांधील असलेल्या प्रतिनिधीने सभागृहात भलतेच नाव पुकारले, तरी त्याची नोंद बांधील मताप्रमाणेच होते.

प्रश्न : मग अधिवेशनात खरी लढाई कशावरून होते?

कोण बसणार आणि कोणत्या नियमाने मोजणार, यावरून. प्रतिनिधींचे हक्क तपासणारी समिती, नियम समिती आणि जाहीरनामा समिती हे काम करतात. अधिवेशन समजून घ्यायचे तर आम्ही भाषणांआधी पहिल्या दोन समित्यांकडे बघायला सांगू.

१९७६चे रिपब्लिकन पक्षाचे कॅन्सस सिटीतले अधिवेशन घ्या. अध्यक्ष फोर्ड आणि रोनाल्ड रेगन यांच्यात अटीतटीची लढत होती. १,१३० मते हवी होती आणि कोणाचेच पारडे निर्विवाद जड नव्हते. रेगन यांनी आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार, रिचर्ड श्वाइकर, आधीच जाहीर केला होता. त्यांच्या गटाने नियम १६-सीमध्ये दुरुस्ती सुचवली : अध्यक्षपदाच्या मतदानाआधी प्रत्येकाने जोडीदाराचे नाव सांगावे. हेतू उघड होता. फोर्ड यांनी कोणाचेही नाव घेतले तरी एक गट दुखावणार आणि चार मते फुटणार. शिवाय काही प्रतिनिधी कायद्याने फोर्ड यांना बांधील असले, तरी मनाने रेगन यांचे होते, आणि नियमावरच्या मतदानात ते मोकळे होते. दुरुस्ती १,१८० विरुद्ध १,०६९ अशी पडली. दुसऱ्या दिवशी उमेदवारीचे मतदान झाले, तेव्हा फोर्ड यांना १,१८७ आणि रेगन यांना १,०७० मते मिळाली. आकडे जवळजवळ तेच! उमेदवारीचा निकाल आदल्या रात्री नियमाच्या मतदानातच लागला होता.

हक्कांच्या तपासणीचे मोल याहून मोठे आहे. १९६४मध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅट पक्षाच्या अधिवेशनाला मिसिसिपी राज्यातून आलेले प्रतिनिधी सगळेच्या सगळे गोरे होते. त्यांच्या जागांवर मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या गटाने हक्क सांगितला. या गटाच्या फॅनी लू हेमर यांनी समितीपुढे, मतदार नोंदणीसाठी गेल्यावर काय सोसावे लागले, ते सांगितले. पक्षाने दोन जागा देऊ केल्या, त्यांनी त्या नाकारल्या. पण पुढच्या अधिवेशनात भेदभाव करणाऱ्या शिष्टमंडळाला थारा नाही, असे पक्षाला कबूल करावे लागले, आणि १९६८मध्ये मिसिसिपीच्या त्या जुन्या शिष्टमंडळाला खरोखरच बाहेर ठेवले गेले.

प्रश्न : २०२४मध्ये बायडन यांनी माघार घेतल्यावर त्यांची मते आपोआप हॅरिस यांना गेली का?

नाही. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या नावावर करून देण्याची ठेव नाही. डेमोक्रॅट पक्षाच्या नियमानुसार प्रतिनिधीने, ज्यांनी निवडून दिले त्यांच्या भावना सदसद्विवेकाने व्यक्त करायच्या असतात. २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि प्रतिनिधी मोकळे झाले. नव्या इच्छुकाला ३०० प्रतिनिधींच्या सह्या हव्या होत्या, आणि एका राज्यातल्या ५०हून अधिक सह्या चालणार नव्हत्या. ही अट एकट्या हॅरिस यांनी पूर्ण केली.

मतदानही शिकागोतल्या अधिवेशनात झाले नाही. ओहायोच्या कायद्यानुसार उमेदवाराचे नाव निवडणुकीच्या ९० दिवस आधी, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत, कळवायचे होते. अधिवेशन होते १९ ऑगस्टपासून. ओहायोने नंतर मुदत वाढवली, पण पक्षाने कोर्टकज्ज्यांचा धोका पत्करला नाही. १ ते ५ ऑगस्टदरम्यान ऑनलाइन मतदान घेऊन उमेदवारी पक्की केली. शिकागोत राज्यवार नावे पुकारली गेली, ती औपचारिकता होती.

प्रश्न : अधिवेशन संपल्यावर उमेदवारच हटला तर?

मग निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय समितीकडे जातो. १९७२मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार ईगलटन जुलैअखेर बाजूला झाले आणि डेमोक्रॅट पक्षाच्या समितीने ऑगस्टमध्ये श्रायव्हर यांना निवडले. रिपब्लिकन नियमांत समितीला अधिवेशन पुन्हा बोलावण्याचाही पर्याय आहे.

मतपत्रिका छापून झाल्या असतील तर मात्र पंचाईत होते. १९१२मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स शर्मन मतदानाच्या सहा दिवस आधी वारले. नाव बदलायला वेळच नव्हता. पक्षाला निर्वाचक मंडळाची, म्हणजे अध्यक्ष व उपाध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या मंडळाची, अवघी ८ मते मिळाली, आणि त्या आठही निर्वाचकांनी पुढे उपाध्यक्षपदासाठी निकोलस मरे बटलर यांना मत दिले.