रत्नागिरीहून नाशिकच्या वायनऱ्यांना दोन दिवसांची सहल कशी आखावी?

फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी आपण पती-पत्नी आणि आपल्या आई असे तिघे रत्नागिरीहून नाशिकच्या वायनऱ्या पाहायला जाणार आहात. स्वतःची गाडी न्यावी का, दोन दिवसांत चार-पाच वायनऱ्या होतील का आणि वाईन न घेणाऱ्या आईंचा वेळ कसा जाईल, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी मालगुंडचा. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आमची तीन खोल्यांची निवास-न्याहारी आहे आणि मागे हापूसची थोडी कलमे आहेत. नाशिकला मी याच कारणासाठी दोनदा गेलो, पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने आणि दुसऱ्यांदा बऱ्यापैकी, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकी सारे त्यावर ठरते. चार-पाच वायनऱ्या करू नका, दोन पुरेत. आमच्याकडे पाहुणे शनिवारी दुपारी उतरतात आणि गणपतीपुळे, आरे-वारे, जयगड, पावस, रत्नदुर्ग हे सगळे रविवारी जेवणापर्यंत आटोपायचे म्हणतात. घरापासून हाकेच्या अंतरावर असलेले केशवसुतांचे स्मारक मात्र त्यांच्याकडून राहून जाते. त्यांना मनातल्या मनात हसणारा मी, नाशिकला पहिल्या खेपेस नेमका तसाच वागलो. एका दिवसात चार ठिकाणी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सहा नमुने चाखले. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर झाली होती, आणि चौथ्या ठिकाणचे मला आज फक्त वाहनतळ आठवते.

मुक्काम शहरात न करता गंगापूर धरणाच्या बाजूला करा. गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे या पट्ट्यात सुला, यॉर्क आणि सोमा अशा वायनऱ्या एकमेकींपासून थोड्या थोड्या अंतरावर आहेत, त्यामुळे एकदा तिथे पोहोचल्यावर फारशी धावपळ उरत नाही. सुलाची स्वतःची निवासव्यवस्था आहे, पण हंगामातल्या शनिवारी ती महाग पडते आणि लवकर भरते. आजूबाजूला साधी शेतघरेही मिळतात. दिंडोरी दुसऱ्या दिशेला आहे आणि इगतपुरीकडच्या वायनऱ्या मुंबईच्या वाटेवर आहेत. त्या पुढच्या खेपेसाठी ठेवा.

फेब्रुवारी निवडलात, हे उत्तम केलेत. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळ छाटणी. पीक मात्र एकदाच घेतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण वेलींवर द्राक्ष नसते आणि यंत्रे थंड असतात. आपण तोडणीच्या दिवसांतच जात आहात, तेव्हा आगाऊ फोन करून ‘सध्या क्रशिंग, म्हणजे द्राक्षे चिरडणे, चालू आहे का’ एवढे जरूर विचारा. दुसऱ्या खेपेस आम्हांला ते सकाळी पाहायला मिळाले. क्रेटमधली काळी द्राक्षे यंत्रात पडत होती, एका बाजूला देठांचा ओला ढीग साचत होता, चपला फरशीला चिकटत होत्या आणि त्या गोड वासावर मधमाश्या घोंघावत होत्या. आंब्याच्या दिवसांत कॅनिंगच्या कारखान्यात गेलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही.

तिथल्या माणसाने शिराझ या वाईनच्या काळ्या द्राक्षाचा एक घोस हातात दिला; आपल्यालाही मिळाला, तर आवर्जून चाखा. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र आपल्या बाजारातल्या थॉमसन या खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. लाल वाईनसाठी साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) चढू देतात, कारण त्याच साखरेचे पुढे मद्यार्क होते. खायच्या द्राक्षांना एवढी वाट पाहावी लागत नाही. रंग सालीतून येतो, म्हणून लाल वाईन सालींसकट आंबवतात आणि पांढरीसाठी आधी रस काढून घेतात. पांढरीच्या टाक्या थंड ठेवतात. एका टाकीच्या बाहेरच्या अंगावर हिम धरले होते आणि माझ्या मुलाने त्यावर बोटाने नाव लिहिले. कोकणात ही द्राक्षे का होत नाहीत, हे मी विचारले, तेव्हा उत्तर एका शब्दात आले: भुरी. आमच्या मोहोरावर पडते तसाच हा बुरशीचा रोग द्राक्षावरही पडतो, आणि दमट हवेत त्याच्याबरोबर केवड्यासारखे इतर रोगही येतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हिवाळा कोरडा असतो आणि रात्री थंड असतात, त्यामुळे फळात गोडीबरोबर आंबटपणाही टिकून राहतो.

सुलाची भेट टाळू नये, गर्दी असली तरी. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात तिथे वेली लावल्या आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. नाशिक हे नाव या व्यवसायाशी जोडले गेले ते मुख्यतः त्यानंतर. शनिवारी दुपारी उशिराची फेरी आधी नोंदवा, म्हणजे चाखणी संपेपर्यंत गच्चीवरून धरणाकडचा सूर्यास्त दिसतो. रविवारी सकाळी लहान वायनरीत जा. मी यॉर्कला गेलो होतो. तिथे सकाळी गर्दी नव्हती, आणि चाखणी करवणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायला वेळ मिळाला. चाखताना प्रथम पांढरी, मग लाल आणि शेवटी गोड, असा क्रम असतो. प्रत्येक पेला संपवायचा नसतो. ओतून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. नवख्या माणसाला बहुधा शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन आवडते. कॅबरने ही लाल वाईन पहिल्याच घोटात आवडली असे सांगणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता गाडीचे. स्वतःची नेऊ नका. रत्नागिरीहून नाशिक साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते, महामार्गाची अवस्था आपल्याला मी सांगायला नको, आणि ज्या सहलीचा हेतूच वाईन चाखणे आहे, तिथे परतताना चाकामागे कोणी बसायचे हा वाद तिघांत नको. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट नाशिकरोडला जाते. शुक्रवारी तिने निघालात तर शनिवार पूर्ण हाती राहतो. परतीची तिची वेळ आईंना सोयीची नसेल, तर नाशिकरोडहून ठाण्याला येऊन तिथून कोकणची गाडी धरावी. आरक्षण मात्र सुटल्यासुटल्या करा. नाशिकरोड स्थानक शहरापासून बरेच बाहेर आहे आणि वायनऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून दोन्ही दिवसांसाठी एकच टॅक्सी ठरवलेली परवडते. वायनरीच्या दारात संध्याकाळी गाडी शोधत बसू नये. आम्ही पहिल्या खेपेस पाऊण तास बसलो होतो.

तारीख ठरवताना एक गोष्ट पाहा. सहल जानेवारीअखेरीस सरकली, तर २६ आणि ३० जानेवारी या दोन्ही दिवशी राज्यात मद्यविक्री बंद असते. निवडणुकीच्या मतदानाआधीही तसेच. आणि वयाचा पुरावा तिघांचाही जवळ असू द्या.

आपल्या आईंचे म्हणाल, तर त्यांना कंटाळा येईल असे मला वाटत नाही. माझी आई पंचाहत्तरीची, वाईनच्या वासानेही नाक मुरडणारी. पण द्राक्षाच्या बागेत ती आमच्यापेक्षा जास्त रमली आणि छाटणी, मजुरी व फवारणी यांवर तिथल्या माळ्याशी अर्धा तास बोलत राहिली. गंगापूर रस्त्यावरच गोदेकाठी सोमेश्वराचे देऊळ लागते, ते रविवारी सकाळी यॉर्कच्या आधी सहज होते. पंचवटी, काळाराम आणि रामकुंड यांसाठी रविवारची दुपार ठेवावी. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, पण शनिवार-रविवारच्या रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांची फारच इच्छा असेल तर एक दिवस जादा रजा काढा. न्याहारीला दह्या-पापडासह मिसळ खावीच, फक्त चाखणीच्या आधी तिखट नको. आईंसाठी शाल आणि कानटोपी घ्या; आपण घामाच्या हवेतून जाणार आणि फेब्रुवारीतली तिथली पहाट चांगलीच गारठवते.

बाटल्या घेताना हात आखडता ठेवा. मी पहिल्या वर्षी सहा आणल्या आणि ‘जुनी होईल तशी चांगली’ या समजुतीने दोन माडीवर ठेवल्या. मे महिन्यात एकीचे बूच वर आले आणि दुसरी चाखली तर उकडलेल्या मनुकांसारखी लागली. आपल्या हवेत शीतकपाट नसेल, तर दोन-तीन महिन्यांत संपतील एवढ्याच घ्याव्यात आणि शक्यतो पिळायच्या झाकणाच्या. तिरफळाच्या बांगड्याबरोबर लाल वाईन अजिबात जुळत नाही, हेही मी घरी करून पाहिले आहे. गार शेनिन मात्र रव्यात तळलेल्या सुरमईबरोबर छान लागते, आणि सोलकढी त्या दिवशी जेवणाच्या शेवटी घ्यावी.